वाचकांचे प्रश्न : मदतीचे महिने कुणाच्या नावावर?

मागील अंकात अमेरिकेतील गरजू कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीविषयी लिहिताना, ती मदत एका प्रौढ व्यक्तीला साऱ्या आयुष्यात जास्तीत जास्त ६० महिनेच मिळू शकते, एवढा ओझरता उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. काही पत्रांमध्ये अमेरिकेतील नियम आणि आपल्याकडील योजना यांची सरमिसळ झालेली दिसली, म्हणून दोन्हींची उत्तरे एकत्रच देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्ड मिळून तिला तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी तिचा घटस्फोट झाला, पाठोपाठ नोकरीही सुटली. पदरी चार वर्षांचा मुलगा आहे; त्याचा जन्म तिकडचाच. तिच्या मैत्रिणीने तिला बजावले आहे की, सरकारी मदत आयुष्यात पाचच वर्षे मिळते, तेव्हा ती आताच खर्ची घालू नकोस. पुढे याहून मोठी अडचण आली तर काय करशील? हा सल्ला मानावा का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : मैत्रिणीचा हेतू चांगला आहे आणि पाच वर्षांची गोष्टही खोटी नाही, मात्र आपल्या मुलीच्या बाबतीत हा सल्ला आज लागू पडत नाही. त्याचे कारण समजण्यासाठी ही मुदत नेमकी कशाला आहे ते आधी पाहावे लागेल.

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९९६ च्या कायद्याने गरजू कुटुंबांसाठी तात्पुरत्या साहाय्याची योजना आणली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘टॅनफ’ म्हणतात. संघराज्याच्या निधीतून या योजनेखाली रोख मदत घेणाऱ्या प्रौढाचे महिने मोजले जातात आणि ते ६० झाले की त्या निधीतून त्या कुटुंबाला मदत देता येत नाही. हे महिने सलग असावे लागत नाहीत. समजा, एखाद्या बाईने चोविसाव्या वर्षी १४ महिने मदत घेतली, नंतर सहा वर्षे नोकरी केली, पुन्हा अडचण आल्यावर दुसऱ्या राज्यात २० महिने घेतली, तर तिच्या नावावर ३४ महिने जमा झाले आणि २६ उरले. मधल्या सहा वर्षांत ती आपल्या पायावर उभी होती म्हणून जुने महिने पुसले जात नाहीत, राज्य बदलले म्हणूनही नाहीत. आयुष्यभराची मुदत म्हणतात ती याच अर्थाने.

आता आपल्या मुलीकडे वळू. १९९६ च्याच कायद्यानुसार, ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पहिली पाच वर्षे स्थलांतरित व्यक्तीला संघराज्याच्या निधीतून ही मदत सर्वसाधारणपणे मिळत नाही. निर्वासितांसारख्या काही गटांना त्यातून सूट आहे, पण आपली मुलगी त्यांत बसत नाही. तिची तीनच वर्षे झाली असल्याने त्या निधीतून तिच्या स्वतःच्या नावावर मदत मंजूर होण्याचा प्रश्न तूर्त उद्भवत नाही, आणि म्हणून तिचे महिने मोजले जाण्याचाही नाही. नातवाची गोष्ट वेगळी आहे. तो जन्माने अमेरिकेचा नागरिक असल्यामुळे त्याच्यापुरता अर्ज करता येतो. अशा प्रकरणात मदत घेणाऱ्यांच्या यादीत फक्त मुलाचे नाव असते; आई त्याची पालक म्हणून सही करते आणि पैसेही तिच्या हाती येतात, पण हिशेबात ती मदत घेणारी प्रौढ धरली जात नाही. ६० महिन्यांची संघराज्याची मर्यादा मदत घेणारा प्रौढ ज्या कुटुंबात आहे त्याला लागू होते. केवळ मुलांपुरती मदत असली की तिचे घड्याळ चालूच होत नाही. लहानपणी मूल म्हणून मिळालेले महिनेही पुढे त्या मुलाच्या खात्यावर चढत नाहीत. अल्पवयातच ते स्वतः कुटुंबप्रमुख झाले, किंवा कुटुंबप्रमुखाशी त्याचा विवाह झाला, तरच ते मोजले जातात.

तेव्हा ‘महिने राखून ठेवण्यासाठी’ नातवाच्या वाट्याची मदत नाकारणे म्हणजे काही न वाचवता नुसते गमावणे होईल. रक्कम फार मोठी नसेल, हेही सांगून ठेवतो. मदत किती द्यायची हे प्रत्येक राज्य ठरवते. मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला १७० डॉलर मिळत, ते २०२१ मध्ये २६० झाले. न्यू जर्सीतील रक्कम त्याहून बरी आहे, पण तिच्यात घरभाडे भागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

अन्नासाठी मिळणारे साहाय्य (ज्याला लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात) आणि मेडिकेड ही आरोग्य योजना यांना ६० महिन्यांची मर्यादा नाही. नातवाला ती दोन्ही त्यांच्या त्यांच्या अटींवर मागता येतात. अन्नसाहाय्यात, काम करण्यास सक्षम असून लहान मुलांची जबाबदारी नसलेल्या प्रौढांना, कामाची अट पाळली नाही तर ३६ महिन्यांत तीनच महिने मदत मिळते, असा एक वेगळा नियम आहे. तो आपल्या मुलीला लागू नाही, आणि त्याची मोजणी दर ३६ महिन्यांनी नव्याने सुरू होते, म्हणून तो आयुष्यभराचाही नाही. दोन्ही नियम ऐकीव माहितीत एकमेकांत मिसळतात, म्हणून उल्लेख केला.

ग्रीन कार्डाला पाच वर्षे झाल्यावर मुलीने स्वतःसाठी अर्ज करायचे ठरवले, तर मात्र मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य येईल. तेव्हा महिने मोजले जातील आणि दोन महिन्यांत नोकरी लागणार असेल तर अर्ज न केलेला बरा, असा विचार तिला करता येईल. नागरिकत्वाच्या किंवा व्हिसाच्या पुढील अर्जावर अशा मदतीचा परिणाम होतो का, हे मात्र अर्ज करण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावे. ते नियम सरकार बदलले की बदलतात, आणि इथून दिलेले मत तिला उपयोगी पडणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एखाद्याची अडचण साठ महिन्यांत संपेलच, हे सरकारने कशावरून ठरवले? ही मुदत घालण्यामागे काय विचार होता आणि तिचा परिणाम काय झाला? सर्व राज्यांत नियम एकच आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : महामंदीच्या काळात, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात, आधार गमावलेल्या मुलांसाठी एक मदत योजना होती. मनात चित्र होते ते विधवा आईचे, जिने मजुरीला न जाता मुले सांभाळावीत असे तेव्हाच्या समाजाला वाटत होते. पुढच्या दशकांत मदत घेणाऱ्यांत परित्यक्ता आणि अविवाहित मातांचे प्रमाण वाढले, इतर बायका मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या, आणि ‘आम्ही मूल पाळणाघरात ठेवून कामावर जातो, मग यांनीच घरी का बसावे?’ हा सवाल मध्यमवर्गात जोर धरू लागला. त्या योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा मदतीवर हक्क होता आणि मूल सज्ञान होईपर्यंत तो चालू राही. शिवाय एक खोट होती: आईची कमाई वाढली की मदत जवळजवळ तेवढीच कापली जाई. काम केले काय आणि न केले काय, हातात पडणारे पैसे सारखेच राहत असतील तर कामाची ओढ कमी होणारच.

बिल क्लिंटन यांनी १९९२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ही व्यवस्था मोडून काढण्याचे आश्वासन दिले होते. रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पाठवलेली दोन विधेयके त्यांनी परत फिरवली आणि तिसऱ्यावर २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केली. नव्या कायद्याने हक्क संपवला. राज्यांना दर वर्षी मिळून सुमारे १६.५ अब्ज डॉलरची ठोक रक्कम ठरवून दिली, कामाची अट घातली आणि ६० महिन्यांची मुदत आणली. साठ या आकड्यामागे गरिबी किती काळ टिकते याचे काही गणित होते असे समजू नये. तो राजकीय तडजोडीतून आलेला आकडा आहे.

नियम सगळीकडे एक नाही. साठ महिने ही संघराज्याच्या निधीची कमाल मर्यादा आहे. राज्ये त्याहून कमी मुदत घालू शकतात, किंवा स्वतःच्या तिजोरीतून पुढेही मदत देऊ शकतात. ॲरिझोनाने २०१६ पासून मुदत १२ महिन्यांवर आणली. कनेक्टिकटने १९९६ मध्येच २१ महिन्यांची मुदत सुरू केली होती. कॅलिफोर्नियात प्रौढाची मुदत संपली की त्याच्या वाट्याची रक्कम कापतात आणि मुलांच्या वाट्याची चालू ठेवतात. हा फरक माझ्या मते साऱ्या विषयातला सर्वांत मोठा आहे, कारण इतर अनेक राज्यांत आईचे महिने संपले की चार वर्षांच्या मुलाचीही मदत संपते, आणि त्या महिन्यांच्या हिशेबाशी त्या मुलाचा काडीचा संबंध नसतो.

सवलतीही आहेत. मदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी २० टक्क्यांपर्यंत कुटुंबांना, विशेष हालअपेष्टा किंवा घरातील मारहाण-छळ या कारणांवरून, राज्य ६० महिन्यांपुढेही संघराज्याच्या निधीतून मदत देऊ शकते. अर्धेअधिक प्रौढ बेकार असलेल्या आदिवासी प्रदेशातील महिनेही मोजत नाहीत.

परिणामांविषयी दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचे आकडे सांगतात. १९९६ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ४४ लाख कुटुंबे मदत घेत होती. पाच वर्षांत ती संख्या निम्म्याच्या आसपास आली. हे यश मुदतीचे, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की संख्या १९९४ पासूनच उतरणीला लागली होती, त्या वर्षांत अमेरिकेत नोकऱ्या भरपूर होत्या, आणि कमी पगाराच्या कामगारांना मिळणारी करसवलत १९९३ मध्ये बरीच वाढवली गेली होती. शिवाय ६० महिन्यांचे घड्याळ बहुतेक ठिकाणी १९९६-९७ मध्ये सुरू झाल्यामुळे ती मर्यादा गाठलेली पहिली कुटुंबे २००१-०२ च्या सुमारास दिसू लागली, म्हणजे संख्या निम्मी झाल्यावर. मुदतीचा धाक परिणाम करून गेला असेल, पण प्रत्यक्ष मुदत संपून बाहेर पडलेली कुटुंबे त्यात थोडी होती. अधिक कुटुंबे कामाच्या अटी, हजेरी आणि कागदपत्रे यांत गळाली.

पुढे काय झाले, ते दुसरा आकडा सांगतो. मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी १९९६ मध्ये ६८ कुटुंबांना ही मदत मिळत होती. २०२० मध्ये २१ कुटुंबांना. २००८ नंतर मंदी येऊन बेकारी दुपटीने वाढली तेव्हाही ही योजना फारशी फुगली नाही, अन्नसाहाय्य मात्र झपाट्याने वाढले. ठोक रक्कम महागाईप्रमाणे वाढत नसल्याने तिची किंमतही घटत गेली. वाईट दिवसांसाठी असलेली मदत वाईट दिवसांतच हलली नाही, ही माझ्या दृष्टीने या कायद्याविरुद्धची सर्वांत भक्कम तक्रार आहे.

प्रश्न : मी विड्या वळते. आमच्या घरात गृहलक्ष्मीचे पैसे सासूबाईंच्या नावावर येतात. गल्लीत बोलतात की पाच वर्षे झाली की हे पैसे बंद, आणि एकदा घेतले त्या घराला पुन्हा आयुष्यात मिळणार नाहीत. सासूबाईंचे काही बरेवाईट झाले तर त्यांनी घेतलेले महिने माझ्या नावावर धरतील का? (एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर : नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत महिन्यांची मुदत नाही, आयुष्यभराचीही नाही आणि पाच वर्षांचीही नाही. ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरमध्ये सुरू झालेल्या या योजनेत रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या बाईच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये जमा होतात. ती बाई किंवा तिचा नवरा प्राप्तिकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल तर लाभ मिळत नाही. तुमच्या सासूबाईंनी आजवर किती हप्ते घेतले हे उद्या तुमच्या अर्जावेळी कुणी मोजणार नाही.

‘पाच वर्षे’ हा आकडा गल्लीत कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. सध्याचे राज्य सरकार मे २०२३ मध्ये निवडून आले आणि विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. ही योजना सरकारी आदेशाने चालते; अन्न सुरक्षेसारखा संसदेने केलेला कायदा तिच्यामागे नाही. पुढचे सरकार ती चालू ठेवील, रक्कम बदलील किंवा बंद करील. पण जे होईल ते सर्वांसाठी एकदम होईल, तुमच्या घराचे महिने भरले म्हणून नव्हे. योजना ज्या खात्याकडे आहे त्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार आहेत, त्यामुळे आपल्या भागात या योजनेविषयी अफवाही जरा जास्तच पिकतात.

सासूबाईंना उदंड आयुष्य लाभो. पण विचारले आहे म्हणून सांगतो. प्रमुख बाईचे निधन झाले की तिचा लाभ तिथेच थांबतो. त्यानंतर खात्यात चुकून जमा झालेली रक्कम काढू नये, ती परत मागितली जाऊ शकते. मृत्यूचा दाखला काढून प्रथम रेशन कार्डावरील कुटुंबप्रमुख बदलून घ्यावा. अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते, म्हणजे घरात जाऊबाई असतील आणि त्या तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या असतील तर नाव त्यांचे लागेल. त्यानंतर नव्या प्रमुखाच्या नावाने ग्रामवन, कर्नाटक वन किंवा बापूजी सेवा केंद्रात नवा अर्ज करावा लागतो. आधार क्रमांक बँक खात्याला जोडलेला नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. आपल्याकडील बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच निघते, आणि त्याचा निरोप मोबाईलवर कन्नडमधून येत असल्याने अनेक घरांत तो न वाचताच राहतो.

प्रश्न : मी पदवीधर असून बेकार आहे. युवानिधी दोन वर्षेच मिळते असे ऐकतो. ही अमेरिकेसारखीच मुदत झाली ना? (एक वाचक, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : काही अंशी होय, आणि कर्नाटक सरकारच्या पाच हमी योजनांत मुदतीची ही एकच आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिमोगा येथून वाटप सुरू झालेल्या या योजनेत बेकार पदवीधराला महिन्याला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये मिळतात. पदवी घेऊन सहा महिने उलटून गेलेले असावे लागतात. नोकरी किंवा स्वयंरोजगार सुरू होईपर्यंत किंवा दोन वर्षे, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत लाभ चालतो. पुढील शिक्षणासाठी प्रवेश घेतला तरी तो थांबतो. आपण अजून बेकार आहोत असे घोषणापत्र ठरल्या वेळी भरावे लागते. ते चुकले की हप्ता चुकतो.

फरक असा की शिक्षण संपल्यापासून काम लागेपर्यंतच्या काळापुरतीच ही योजना आहे आणि त्या टप्प्याची लांबी सरकारने दोन वर्षे धरली आहे. चाळिसाव्या वर्षी नोकरी गेली तर ती उपयोगी पडत नाही, पण तेव्हा जुन्या महिन्यांमुळे तुमचा दुसऱ्या कुठल्या मदतीवरचा हक्कही जात नाही. अशा बांधीव मर्यादा आपल्याकडे इतरही आहेत. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. घरचा कर्ता १८ ते ५९ या वयात वारला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २०,००० रुपयांची मदत एकदाच मिळते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला आर्थिक वर्षाला १०० दिवस ठरवले होते. एप्रिल उजाडला की मोजणी पुन्हा शून्यावर येई.

प्रश्न : माझे माहेर कागल आणि सासर कोगनोळी. माहेरच्या रेशन कार्डावरून माझे नाव अजून कमी केलेले नाही. इकडे गृहलक्ष्मी आणि तिकडे लाडकी बहीण, दोन्ही घेता येतील का? एकीची मुदत संपली तर दुसरी चालेल का? (एक वाचक भगिनी, कोगनोळी)

उत्तर : दोन्ही घेता येणार नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेली लाडकी बहीण योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. रक्कम महिन्याला १,५०० रुपये आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. परराज्यात जन्मून महाराष्ट्रातील पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याच्या कागदपत्रांवर ती मिळते. आपल्या बाबतीत प्रवास उलट दिशेने, महाराष्ट्रातून कर्नाटकात, झाला आहे. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला होता. ती उपचाराची योजना आहे, तिच्या आधारे लाडकी बहीण योजनेवर हक्क सांगता येत नाही.

लाडकी बहीण योजनेला महिन्यांची मुदत नसली तरी वयाची आहे: पासष्ट पूर्ण झाली की ती थांबते. माहेरच्या कार्डावरील नाव मात्र लवकर कमी करून घ्या. कोगनोळीच्या टोलनाक्यापलीकडचे कार्ड इकडे कुणाला दिसणार नाही असे पूर्वी चालून जाई. आता दोन्हीकडे आधार क्रमांक एकच आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेतात भांगलणीला बायका मिळत नाहीत. घरबसल्या दोन हजार मिळाल्यावर उन्हात कोण येणार? अमेरिकेसारखा प्रगत देश मदतीला मुदत घालतो, मग आपण का घालू नये? (एक शेतकरी वाचक, चिक्कोडी तालुका)

उत्तर : मजुरांच्या टंचाईचा त्रास खरा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण तिचे कारण गृहलक्ष्मी आहे असे मला वाटत नाही. महिन्याला दोन हजार म्हणजे दिवसाला ६७ रुपयांहूनही कमी. त्यावर घर चालत नाही. आपल्या भागातील तरुण माणसे कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे, गोवा इकडे कामाला जाऊ लागली ती या योजनेच्या कितीतरी आधीपासून, आणि कागलच्या एमआयडीसीतले काम सावलीतले असते, हेही विसरू नये.

मुदतीच्या बाजूने अमेरिकेत केला गेलेला मुख्य युक्तिवाद इथे बसतच नाही. तिथल्या जुन्या योजनेत आईने कमावले की मदत कापली जाई, म्हणून मदत आणि काम यांतून एकाची निवड करावी लागे. गृहलक्ष्मीत तसे नाही. तुमच्या शेतात भांगलायला येणाऱ्या बाईचे दोन हजार त्या दिवसाच्या मजुरीने कमी होत नाहीत, उद्या तिने शिवणकाम सुरू केले तरी होत नाहीत. ती शेतात येत नसेल तर मजुरी, अंतर, घरचे लहान मूल किंवा विडीचे काम यांत कारण शोधावे लागेल.

खर्चाचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या गृहलक्ष्मीसाठी २८ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती, आणि ज्या घरात चारचाकी उभी आहे पण प्राप्तिकर भरला जात नाही, तिथेही हे पैसे जातात. हे थांबवायचे असेल तर उत्पन्नाची आणि मालमत्तेची अट कडक करावी. त्याने गरज नसलेले घर गळेल. महिन्यांची मुदत घातली तर बागायतदाराचे घर आणि भूमिहीन विधवेचे घर एकाच दिवशी गळेल, कारण महिना मोजताना घरात काय आहे हे कुणी पाहत नाही. त्यातही विधवेचे घर आधी गळेल, कारण सवलतीसाठी कचेरीत खेटे घालणे बागायतदाराला परवडते.

आपल्याकडील विधवा वेतन हे याचे दुसरे उदाहरण आहे. त्याला महिन्यांची मर्यादा नाही. पुनर्विवाह झाला की ते थांबते. म्हणजे ज्या कारणासाठी मदत सुरू झाली ते कारण असेपर्यंत ती चालते. मदतीला शेवट असावा असे ज्यांना वाटते त्यांनी तो कारणाला जोडावा, कॅलेंडरला नको, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण असहमत असाल तर अवश्य लिहा.

प्रश्न : आपण किती महिने मदत घेतली याचा हिशेब माणसाला कुठे पाहायला मिळतो? माझा भाऊ अमेरिकेत आहे, मी हलियाळला, म्हणून दोन्हीकडचे सांगावे. (एक वाचक, हलियाळ)

उत्तर : अमेरिकेत मदत देणाऱ्या स्थानिक कार्यालयाकडे आपले मोजलेले महिने लेखी मागावेत. राज्य बदलले असेल तर जुन्या राज्यातील पत्रे जपून ठेवावीत, कारण केवळ मुलांपुरत्या मदतीचे महिने किंवा सवलतीत बसणारे महिने चुकून मोजणीत आले असतील तर ते वगळून घेण्यासाठी त्याच पत्रांचा आधार लागतो. मुदत संपल्याची नोटीस आली तर तिच्यावर अपिलाची तारीख छापलेली असते. ती उलटू देऊ नये.

इकडे गृहलक्ष्मीचे महिने मोजायचे नसले तरी कोणते आले आणि कोणते राहिले हे पाहायचे असते. त्यासाठी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. हप्ते उशिरा आणि कधी दोन एकदम जमा होतात, त्यामुळे जमा झालेल्या तारखेवरून महिना ओळखू नये. पहिल्या हप्त्यापासूनच्या सगळ्या नोंदी मोजाव्यात. एखादा महिना खरोखर राहिला असेल तर पासबुकाची झेरॉक्स, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का मारून घ्यावा. अंगणवाडी ताईंना तोंडी सांगून काम होईल असे वाटते, पण पोच नसली की तो अर्ज कधी दिला होता हे पुढे कुणालाच दाखवता येत नाही.